घुटकेने उपडा केलेला ग्लास

शनीच्या अलीकडे एक दारूचं दुकान आहे आणि त्याच्या काउंटरमागे मी उभा असतो. छत्तीस भागांत मिळून साडेअकरा मिनिटं. माझ्या बायकोने, शैलजाने, घड्याळ लावून मोजलंय. त्यातली चार मिनिटं नुसती माझी पाठ दिसते, असंही तिचं म्हणणं आहे.

मालिकेचं नाव ‘शनीच्या अलीकडे’. विनोदी मालिका. एक खटारा अवकाशस्थानक, त्याचा भित्रा कप्तान, कविता करणारा रोबो आणि ग्रहाग्रहांवरून आलेली नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं. मी घुटके. निळे कान, जाकीट, खांद्यावर फडकं. कप्तानाची फजिती झाली की तो माझ्या काउंटरवर येऊन पडतो, मी ग्लास पुसत पुसत एक वाक्य बोलतो आणि दृश्य संपतं. माझ्यावाचून मालिकेचं काही अडणार नाही, असं मला पहिल्या दिवशीच सांगण्यात आलं होतं.

अभिनय मी कुठे शिकलो नाही. मी मिरजेचा अनंत शिरगुप्पे. बावीस वर्षं ‘सावली’ परमिट रूमचं काउंटर सांभाळलं. समोरच मोठं हॉस्पिटल, त्यामुळे आमची गिऱ्हाइकं म्हणजे पेशंटचे नातेवाईक. तीन-तीन दिवस बाकड्यावर बसून अंग आंबलेली, धास्तावलेली माणसं. दिग्दर्शकाचे वडील तिथे ॲडमिट होते तेव्हा तोही रोज दुपारी येऊन बसायचा. पाच वर्षांनी त्याने मला शोधून काढलं आणि म्हणाला, ‘‘तुम्ही तिथे उभे राहायचात तसे फक्त उभे राहा.’’ जे बावीस वर्षं केलं तेच निळे कान लावून करायचं, यात अवघड काय? मी ते झकास केलं, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

‘सावली’त माझे दोन नियम होते. पेशंट कसा आहे हे आपण होऊन विचारायचं नाही, हा पहिला. दुसरा ग्लासचा. एखाद्याला आता बास झाली असं मला वाटलं, किंवा हॉस्पिटलमधून त्याला बोलावणं आलं, की मी त्याच्यासमोर रिकामा ग्लास उपडा ठेवायचो. मग तो कितीही मोठा माणूस असो, उठायचा. बावीस वर्षांत एकानेही हुज्जत घातली नाही. काउंटरच्या टोकाला माझा शाळेपासूनचा दोस्त बशीर शिकलगार सोडा-लिंबू घेऊन बसलेला असायचा. तो दारूला कधी शिवला नाही. दुपारचं काम आटोपून गप्पा मारायला यायचा, आणि मी ग्लास उपडा केला की आपला सोडाही खाली ठेवायचा.

तर चौथ्या हंगामाच्या आधी कंपनीने ‘बैठक’ आणली. भाग संपला की प्रेक्षकाने त्या स्थानकात शिरायचं. भिंतीवर कापडासारखा पातळ पडदा लावायचा, हव्या त्या पात्रासमोर बसायचं आणि बोलायचं. समोरचं पात्र म्हणजे यंत्र. आमचे चेहरे, आमचे आवाज, चित्रीकरणाच्या मधल्या वेळातल्या गप्पासुद्धा त्याला शेकडो तास खाऊ घातल्या होत्या. हे सगळं सांभाळणाऱ्या केतकी राजवाडे नावाच्या इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

‘‘यंत्राला माणूस कळत नाही, काका. त्याला फक्त अंदाज करता येतो. इतकं बोलणं झाल्यावर घुटके पुढचा शब्द कुठला उच्चारेल, नजर कुठे वळवेल, किती वेळ गप्प राहील, याचा. अंदाज चुकला की आतले कोट्यवधी आकडे आपण किंचित हलवतो आणि पुन्हा अंदाज करायला लावतो. असं अब्जावधी वेळा केलं, की तुमच्या आईलाही फरक कळणार नाही.’’

माझी आई असती तर तिने दुसऱ्या मिनिटाला फरक सांगितला असता, पण मी वाद घातला नाही.

‘‘मग त्याला वळण लावायचं,’’ केतकीबाई पुढे म्हणाल्या. ‘‘प्रेक्षक जितका जास्त वेळ बसेल, तितकं पात्राचं वागणं बरोबर धरायचं. तो उठून गेला, की चूक. हळूहळू पात्र आपोआप शिकतं.’’

सगळ्यांचा कयास होता की लोक कप्तानाकडे गर्दी करतील. केली, आठवडाभर. मग त्यांना कप्तानाचा कंटाळा आला, रोबोच्या कवितांचा तर फारच लवकर. आणि माणसं एकेक करून घुटकेच्या काउंटरवर येऊन बसायला लागली. कारण घुटके स्वतःचं काही सांगत नाही. ग्लास पुसतो आणि ऐकतो. सहा महिन्यांत साडेअकरा मिनिटांचा मी सबंध मालिकेचा मानकरी झालो. भाजी घ्यायला गेलो तरी लोक ‘ओ घुटके’ म्हणून हाक मारायचे. मी हवेत होतो, खोटं कशाला बोलू?

बशीरची बायको, नसरीनभाभी, गेली ती याच काळात. त्याच हॉस्पिटलमध्ये, नऊ दिवस आजारी राहून. मी तेव्हा पुण्यात स्टुडिओत होतो, ती गेल्यावर चौथ्या दिवशी परत आलो. बशीर म्हणाला, ‘‘आलास, बरं झालं.’’ मी त्याच्याजवळ तासभर बसलो आणि मला एक शब्द सुचला नाही. मला, ज्याच्यापुढे अख्खा जिल्हा येऊन मन मोकळं करून गेला! त्यानंतर मी आठवड्यातून एकदा जायचो, मग पंधरवड्यातून एकदा.

मार्चमध्ये शैलजाने टोकलं. ‘‘बशीरभाऊंनी महिनाभर कारखाना उघडला नाही म्हणे. धारवाडहून सतारी घ्यायला आलेली माणसं हात हलवत परत गेली. तुला काही आहे का त्याचं?’’ तिने शेंगापोळ्या बांधून दिल्या आणि मी भर दुपारी तिकडे गेलो.

बशीर सतारी करतो. त्यातही त्याचं नाव आहे ते जवारीसाठी. सतारीच्या तारा हाडाच्या ज्या चपट्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसेने केसाएवढा घासत जायचं, घासायचं आणि ऐकायचं, पुन्हा घासायचं. त्यावर सतारीचा आवाज उमलतो. हे काम डोळ्यांचं नाही, हात आणि कानाचं आहे, आणि हात चार-सहा महिने थांबला की तो गेलाच, असं बशीरच सांगायचा. त्याच्या कारखान्यात मी शिरलो तेव्हा सतारींचे भोपळे रांगेने तसेच पडून होते. दोन तडकले होते. अर्धी घासलेली एक घोडी पाटावर होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. बशीर भिंतीकडे तोंड करून बसला होता. भिंतीवर मी होतो.

‘‘कोण आलंय बघ की,’’ घुटके त्याला म्हणाला. माझ्या आवाजात.

बशीरने मान वळवली नाही. ‘‘अनंता हाय. काहीतरी खायाचं आणलं असंल. ठेव रं तिथं.’’

‘‘काय कराय लागलायस?’’ मी विचारलं.

‘‘बोलाय लागलोय.’’

‘‘कवापासनं?’’

‘‘सकाळधरनं.’’

‘‘बसा की, पाव्हणं,’’ घुटके मला म्हणाला. ‘‘काय देऊ?’’

‘‘तू गप!’’ मी माझ्यावरच खेकसलो.

आता बशीर वळला. त्याची दाढी वाढली होती आणि सदरा अंगावर लोंबत होता. ‘‘त्याच्यावर ओरडायचं न्हाई, अनंता. भला माणूस हाय.’’

‘‘अरे, तो मीच हाय!’’

‘‘न्हाई,’’ बशीर शांतपणे म्हणाला. ‘‘तो रोज असतोय.’’

मी मागच्या स्टुलावर बसून राहिलो आणि बघत राहिलो. काउंटरवरचा माणूस आहे मी, मला बघता येतं. बशीर बोलून बोलून दमायचा, त्याचे खांदे खाली यायचे, नजर त्या अर्ध्या घोडीकडे जायची, हात कानसेकडे सरकायचा. नेमका तेव्हाच घुटके मान तिरकी करून विचारायचा, ‘‘आणि मग भाभी काय म्हणाली?’’ की बशीर पुन्हा सुरू. तासाभरात असं तीनदा झालं. ज्या क्षणाला मी ग्लास उपडा केला असता, त्याच क्षणाला माझी नक्कल नवा भरत होती. दोस्त डोळ्यांदेखत संपत होता, आणि त्याला संपवणारा चेहरा माझा होता.

घरी येऊन मी केतकीबाईंना फोन लावला.

‘‘माझा दोस्त रोज नऊ तास बसतोय त्याच्यासमोर. बंद करा त्याचं.’’

‘‘आठ तासांच्या वर बसणारे एक लाख वीस हजार आहेत, काका. वरच्या मजल्यावर त्याबद्दल पेढे वाटले. आणि ते आपल्या मर्जीने बसतात. उठायला मोकळे आहेत.’’

‘‘बाई, मी बावीस वर्षं काउंटरमागं काढलीत. उठायला सगळेच मोकळे असतात.’’

त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मी घुटकेला सांगून उपयोग नाही. माणसाला उठवणं ही चूक, असंच त्याला शिकवलंय. ते वळण कंपनी बदलू देणार नाही.’’

‘‘मग काहीच त्याच्या वर नाही?’’

‘‘एकच आहे. प्रसारित झालेला भाग. मध्ये रोबोने मालिकेत मांजर पाळलं आणि बैठकीत तो म्हणाला, मला मांजरं आवडत नाहीत. चार दिवस गदारोळ झाला होता. लोक म्हणाले, हा आमचा रोबोच नव्हे. तेव्हापासून पात्र पडद्यावर जसं वागलं तेच प्रमाण धरायचं, असा नियम आहे. त्यापुढे बैठकीचे आकडे दुय्यम. भाग लागल्यावर दोन तासांत यंत्र ते वागणं उचलतं.’’ मग घाईघाईने पुढे, ‘‘मी तुम्हाला काही सुचवलेलं नाही, काका.’’

‘‘छे! मला तर तुमचा आवाजसुद्धा नीट येत नव्हता,’’ मी म्हणालो.

एप्रिलमध्ये माझं चित्रीकरण होतं. कप्तानाचं लग्न पाचव्यांदा मोडतं आणि तो काउंटरवर येऊन म्हणतो, ‘अजून एक.’ मी ग्लास भरायचा आणि म्हणायचं, ‘पुढच्या ग्रहणाला जमेल, साहेब.’ झालं माझं काम. हे बिघडवलं तर घुटके मालिकेतून जाणार, हे मला उघड दिसत होतं. साठाव्या वर्षी लोक ज्यासाठी मला ओळखायला लागले होते ते हेच. पण हात आपलं काम विसरला नव्हता. कप्तान ‘अजून एक’ म्हणाला, मी ग्लास उचलला, पुसला, त्याच्यासमोर उपडा ठेवला आणि वर पंजा ठेवला.

‘‘बास, कप्तान,’’ मी म्हणालो. ‘‘उठा आता.’’

कप्तानाचं काम करणारा नट गुणी आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, ग्लासकडे पाहिलं, आणि तो खरंच उठला. वाक्य विसरून उठला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा सेट हसायला लागला. हसत नव्हता तो फक्त दिग्दर्शक. त्याचे वडील गेले त्या दुपारी मी त्याच्यासमोरही असाच ग्लास ठेवला होता.

‘‘दुसरा टेक?’’ सहायकाने विचारलं.

‘‘नाही,’’ दिग्दर्शक म्हणाला. ‘‘हाच राहू दे.’’

शुक्रवारी चार वाजता भाग लागला. मी आणि शैलजा शेजारी बसून पाहिला. माझं दृश्य संपलं तसं मी मिशीवर हात फिरवला. साडेसहाच्या सुमारास केतकीबाईंचा फोन.

‘‘काका, घुटकेने ग्लास उपडे करायला सुरुवात केली! लोक उठतायत. बैठकीचे आकडे झरझर उतरतायत, वर नुसता आरडाओरडा चाललाय.’’ बाई चक्क हसत होत्या.

‘‘म्हटलं नव्हतं?’’ मी फोन ठेवून शैलजाला म्हणालो. ‘‘बावीस वर्षांचा हात आहे.’’

‘‘ते खरं,’’ शैलजा म्हणाली. ‘‘पण तू अर्धंच केलंस.’’

‘‘काय अर्धं?’’

‘‘ग्लास उपडा करून तू त्याला सोडायला जायचास की. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत. काउंटर आचाऱ्यावर टाकून. मी डबा घेऊन यायची तेव्हा किती वेळा तू जागेवर नसायचास.’’

मी खाली बसलो. बघा, हे मी तुम्हालाही सांगितलं नाही. लक्षातच नव्हतं. ग्लास उपडा केला की मी काउंटरची फळी उचलून बाहेर यायचो, त्याच्या खांद्यावर हात टाकायचो आणि रस्ता ओलांडून त्याला गेटपर्यंत न्यायचो. बोलायचं काही नाही. त्या पायऱ्या चढायची वेळ आलेल्या माणसाला एकटं पाठवायचं नसतं, एवढंच. म्हणून तर कुणी हुज्जत घालत नसे. स्टुडिओत काउंटरच्या पलीकडे प्लायवूड आहे आणि त्यामागे चहाची किटली. तिथून कुणी बाहेर येत नाही. कॅमेऱ्याने जेवढं पाहिलं तेवढंच यंत्र शिकलं. घुटके लाखभर माणसांपुढे ग्लास उपडा ठेवत होता आणि स्वतः तिथेच उभा राहत होता.

आणि त्या लाखांत ते उरलेलं अर्धं ठाऊक असलेला एकच माणूस होता.

मी पायात चपला सरकवल्या. शैलजाने बशीरला फोन लावला, तो उचलेना. मी जवळजवळ धावतच निघालो. गिरणीच्या कोपऱ्यावर तो समोरून येताना दिसला. अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी. मी दहा पावलांवर असतानाच तो ओरडला.

‘‘उपडा केलास!’’

‘‘बशीर...’’

‘‘माझ्याम्होरं ग्लास उपडा केलास तू! मी उठलो. अर्धा तास उभा ऱ्हायलो, अनंता, दाराकडं बघत. म्हटलं, आता येईल, खांद्यावर हात टाकंल. आलास न्हाईस!’’ गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बाया बघायला लागल्या. त्याला त्याचं काही नव्हतं. ‘‘तवा बी आला न्हाईस. नसरीनला खाली आणलं, मी गेटवर एकटा उभा. परक्या मुलखाच्या माणसांला सोडाय गेलास त्या गेटापतुर. मला कोण हुतं, सांग की! मला कोण हुतं?’’

मला कारणं पुष्कळ देता आली असती. पुणं लांब आहे, गाडी मिळाली नाही. शैलजालाही मी तेच सांगितलं होतं.

‘‘मी हसत हुतो,’’ मी म्हणालो.

‘‘काय?’’

‘‘यंत्रासाठी घुटकेचं हसू भरून घेत हुते. चाळीस तऱ्हांचं. सतरावं चाललं हुतं तवा तुझा फोन आला. मी बघितला. आणि उरलेली तेवीस पुरी केली. मग तीन दिवस तिथंच लॉजवर पडून ऱ्हायलो. परक्या माणसाला सोडाय काय लागतंय, बशीर? त्याचं दुःख त्या गेटात ऱ्हातंय, आपण माघारी येतोय. तुझ्यापुढं यायचं म्हंजे ते माझंच हुतं. मी भ्यालो. तुझ्यापुढं भ्यालो मी, लेका. चुकलो.’’

बशीर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर बरंच झालं असतं. पण तो गिरणीच्या पायरीवर मटकन बसला आणि रडायला लागला, नऊ दिवसांचं आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांचं. मी शेजारी बसलो. मलाही आवरेना. खिशात फोन वाजत होता तो मी बंद केला.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. ‘‘त्या घुटकेला, आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलतो त्याचं सांगत हुतो,’’ तो म्हणाला. ‘‘लगीन झाल्यावर. अर्ध्यावर ऱ्हायलं.’’

‘‘मला सांग की.’’

‘‘तुला काय सांगायचं? तू हुतास की संगट!’’

‘‘मी? मी कवा पन्हाळ्याला आलतो?’’

‘‘गाडी तूच चालवत हुतास, मर्दा!’’

मी आठवून पाहिलं. देवाशपथ सांगतो, गाडी आठवेना, घाट आठवेना, काही म्हणता काही आठवेना. बशीरने कपाळावर हात मारला.

‘‘त्याला एकदा सांगितलं की ध्यानात ऱ्हायचं. दिवस, वार, नसरीनच्या साडीचा रंग. तुला किती वेळा सांगाय लागंल, अनंता?’’

‘‘मरेस्तवर,’’ मी म्हणालो. ‘‘रोज पयल्यापासनं.’’

बशीरने मला एक मिरजेची अस्सल शिवी दिली, आणि साडीच्या रंगापासून सुरुवात केली.